रस्त्यात अडविलेला माणूस आणि सरकारची जबाबदारी

नागपुराहून रायपूरकडे जाणारा हमरस्ता साकोली मागे टाकून देवरीच्या रानात शिरला, की गाडी हाकणाऱ्याचा पाय आपोआप हलका पडतो. पुढे नाका असणार हे त्यास ठाऊक असते. कधी तो जंगलखात्याचा असतो, कधी परिवहनखात्याचा, कधी पोलिसांचा. गोंदिया जिल्ह्याच्या अंगाला मध्य प्रदेश आणि छत्तीसगड अशी दोन राज्ये लागतात, आणि सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागाने नक्षलवादाची झळ कित्येक दशके सोसलेली. तेव्हा रस्त्यात अडविले जाणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. सागवानाची गाडी, तेंदूपत्त्याचा ट्रक, धानाचे पोते लादलेली मोटारसायकल, सगळ्यांनाच हात दाखविला जातो.

अडविण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. मोटारवाहनांचा १९८८ चा कायदा सांगतो की गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितला तर परवाना दाखविलाच पाहिजे. उन्हातान्हात दिवसभर उभ्या असलेल्या शिपायाची बाजूही आम्ही जाणतो. पण दाखव म्हणणे निराळे आणि थोबाडीत देणे निराळे. पहिल्याला कायदा आहे, दुसऱ्याला नाही. मग दुसरे घडलेच तर जाब कोणी द्यावयाचा, आणि भरपाई कोणाच्या खिशातून यावयाची? आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. तो नुसता वकिलांचा विषय नव्हे.

आरंभ कंपनी सरकारच्या काळापासून करावा लागतो. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि कबुलीजबाबासाठी रयतेचा छळ होतो की काय, हे पाहण्यास नेमलेल्या आयोगाने १८५५ साली अहवाल दिला आणि छळ होतो हे कबूल केले. १८६० च्या दंडसंहितेत कबुलीसाठी इजा करणाऱ्यास शिक्षेचे कलम आले. पाठोपाठ १८६१ चा पोलीस कायदा आला. त्याच साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि आपला भंडारा जिल्हा त्यात गेला. गोंदिया त्या वेळी जंक्शनही नव्हते आणि शहरही नव्हते. ती सारी रेल्वेची पुढची करणी. या पोलीस कायद्याच्या ४२ व्या कलमाकडे फारसे कोणी पाहत नाही. पोलिसाविरुद्ध दावा किंवा फिर्याद करावयाची तर ती कृत्यापासून तीन महिन्यांच्या आत केली पाहिजे, आणि त्याआधी निदान एक महिना लेखी नोटीस दिली पाहिजे, असे ते कलम. म्हणजे हाती उरले दोन महिने. हाडे जुळेपर्यंत मुदत सरावी, असा हा हिशेब! लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याने त्या काळी हे कसे साधावे, याचा विचार कायदा करणाऱ्याने केलेला दिसत नाही.

योगायोग असा, की सरकारवर दावा चालतो की नाही याचा पाया घालणारा निकालही १८६१ चाच, आणि तोही रस्त्यावरच्याच प्रसंगातून निघालेला. कलकत्त्यात पी. अँड ओ. या आगबोट कंपनीची दोन घोड्यांची बग्गी गार्डन रीचकडून शहराकडे येत होती. खिदिरपूरच्या सरकारी गोदीचे मजूर आगबोटीसाठी लोखंडाचा अवजड तुकडा रस्त्याच्या मधून वाहून नेत होते. बग्गी अंगावर आलेली पाहून त्यांनी तो टाकला. खणखणाट झाला, घोडी बुजली आणि एक घोडे जखमी झाले. कंपनीने ३५० रुपयांचा दावा लावला. सर बार्न्स पीकॉक यांनी सरकार जबाबदार असल्याचा निकाल दिला. घोड्याला न्याय मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु निकाल देताना त्यांनी एक रेघ ओढून ठेविली. जे काम एखादा खाजगी व्यापारीही करू शकेल, त्यात चूक झाल्यास सरकार जबाबदार. जे काम केवळ राजसत्ताच करू शकते, त्यात नाही. पुढच्या शंभर वर्षांत ही रेघ भिंत होऊन बसली. १८५८ च्या कायद्यातले सरकारच्या जबाबदारीचे कलम १९१५ मध्ये, तेथून १९३५ मध्ये, आणि तेथून आपल्या संविधानाच्या ३०० व्या अनुच्छेदात उतरले. राज्य बदलले, राजा गेला, राजाचे कवच मात्र कपाटात तसेच राहिले.

आपल्या विदर्भाने या कवचाचा अनुभव १९४२ साली घेतला. ऑगस्टमध्ये चिमूरला उठाव झाला आणि त्यानंतर गावात आलेल्या फौजेने व पोलिसांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी पुढे आल्या. चौकशीची मागणी सरकारने फेटाळली. तेव्हा सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी उपोषण आरंभिले आणि ते १९४३ च्या जानेवारीपर्यंत, त्रेसष्ट दिवस चालविले. एका विद्वान माणसाला प्राण पणास लावावे लागले ते शिक्षेसाठी नव्हे, भरपाईसाठीही नव्हे. नुसती चौकशी व्हावी एवढ्यासाठी.

आता स्वराज्यात येऊ. २० सप्टेंबर १९४७. स्वातंत्र्याला सव्वा महिनाही झालेला नाही, फाळणीचा आगडोंब चालू आहे. अमृतसरचा एक सराफ सोनेचांदी विकण्यासाठी मध्यरात्रीच्या सुमारास मीरतला गाडीतून उतरतो. चौपला बाजारातून जात असता तीन शिपाई त्यास अडवितात, झडती घेतात आणि कोतवालीत नेऊन कोठडीत घालतात. जवळचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने आणि दोन मणांवर चांदी जप्त होते. दुसऱ्या दिवशी त्याची जामिनावर सुटका झाली. पुढे चांदी परत मिळाली, सोने मिळेना. कारण मालखान्याचा हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळून गेला होता!

सराफाने उत्तर प्रदेश सरकारवर दावा लावला. खालच्या न्यायालयात तो जिंकला, उच्च न्यायालयात हरला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ‘कस्तुरीलाल रलियाराम’ या नावाने ते कायद्याच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. निकाल लागला २९ सप्टेंबर १९६४ रोजी, आणि तो लिहिला सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी. कामगारांच्या बाजूने ज्यांनी कायद्याला उदार अर्थ दिला, त्या आपल्या मराठी न्यायमूर्तींनी. पोलिसांनी निष्काळजीपणा केला, हे त्यांनी स्पष्टपणे मान्य केले. पण अटक करणे, झडती घेणे, माल जप्त करणे हे राजसत्तेचे काम. त्यात नोकराच्या हातून चूक झाली तरी सरकार भरपाई देण्यास बांधलेले नाही, असा निर्णय दिला. सराफ हात हालवीत परत गेला.

हा निकाल कठोर आहे. दोनच वर्षांपूर्वी, १९६२ मध्ये, त्याच न्यायालयाने उदयपूरच्या कलेक्टरच्या जीपखाली सापडून मेलेल्या पादचाऱ्याच्या कुटुंबाला राजस्थान सरकारकडून १५,००० रुपये देवविले होते. म्हणजे सरकारी जीप अंगावर गेली तर भरपाई, सरकारी शिपाई अंगावर आला तर नाही. सामान्य बुद्धीला हे पटणे कठीण. तरीही गजेंद्रगडकरांवर सगळा दोष टाकणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. कायदा असा आहे आणि तो बरा नाही, असे त्यांनी त्याच निकालपत्रात सांगितले. इंग्लंडने १९४७ सालीच राजमुकुटाला कोर्टात खेचण्याची सोय करून दिली, मग आपल्या विधिमंडळांनी ती का करू नये, असा त्यांचा रोख होता. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने तर १९५६ मध्ये आपल्या पहिल्याच अहवालात हीच शिफारस केली होती. १९६५ मध्ये लोकसभेत विधेयक आले, १९६७ मध्ये पुन्हा आले. दोन्ही वेळा ते बारगळले. आजतागायत तसा कायदा झालेला नाही. सरकारने स्वतःच्या खिशाला हात लावणारा कायदा स्वतः करावा, ही अपेक्षाच थोडी भाबडी होती काय?

संसदेत जे झाले नाही ते पुढे न्यायालयात, वळणावळणाने झाले. त्याआधीच्या एका प्रकरणाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण ते आपल्याच रेल्वेमार्गावरचे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीने वडसा लागते, म्हणजेच देसाईगंज. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत तेव्हा संमती असली पाहिजे, अशा धर्तीची ती विचारसरणी होती. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघा अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. खटला फौजदारी होता. भरपाईचा प्रश्न त्यात नव्हता. ज्या मुलीमुळे देशाचा कायदा सुधारला तिच्या पदरात काय पडले, हे मनाशी विचारून पाहावे.

त्याच १९८३ च्या ऑगस्टमध्ये भिंतीला पहिले खिंडार पडले. बिहारमध्ये रुदुल साह नावाचा माणूस १९६८ साली निर्दोष सुटला होता, पण तुरुंगातून बाहेर आला १९८२ मध्ये. चौदा वर्षे त्याला सोडावयाचे राहून गेले! सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी म्हटले, की जीविताच्या हक्काचे रक्षण करण्याचे काम आम्हांकडे आहे, आणि नुसता सुटकेचा हुकूम देऊन ते होत नाही. आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये सरकारने द्यावेत, असा आदेश झाला. शिवाय दावा लावण्याचा त्याचा हक्क राखून ठेविला. एका मराठी सरन्यायाधीशाने जे दार लावावे लागले म्हणून लावले, त्याच्या शेजारची खिडकी दुसऱ्या मराठी सरन्यायाधीशाने एकोणीस वर्षांनी उघडली. युक्ती साधी होती. दिवाणी दाव्यात राजसत्तेचे कवच आडवे येते काय? मग दिवाणी दाव्याच्या वाटेने जाऊच नये. मूलभूत हक्कांच्या वाटेने जावे.

पुढे ती वाट रुंद होत गेली. १९८५ मध्ये जम्मूहून श्रीनगरला विधानसभेसाठी निघालेले आमदार भीमसिंग यांस रात्री काझीगुंडला रस्त्यात अडवून अटक झाली; सर्वोच्च न्यायालयाने ५०,००० रुपये देवविले. १९९३ मध्ये ओरिसातील नीलावती बेहेरा हिला १,५०,००० रुपये मिळाले. तिचा बावीस वर्षांचा मुलगा पोलीस चौकीत नेला होता आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेरुळाजवळ त्याचे प्रेत सापडले होते. मूलभूत हक्कांच्या अर्जात राजसत्तेचे कवच चालणार नाही, हे या निकालाने निःसंदिग्ध केले. ‘कस्तुरीलाल’चा निकाल पाच न्यायमूर्तींचा, तो शब्दशः रद्द कोणी केला नाही, पण त्याची धार पार गेली. १९९६ च्या डिसेंबरात डी. के. बसू यांच्या प्रकरणात अकरा नियम घालून दिले गेले. अटकेचा मेमो करावा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी, नातेवाइकास कळवावे, डॉक्टरकडून तपासणी व्हावी, इत्यादी. मूळ काय, तर कोठडीतील मृत्यूंविषयी १९८६ साली पश्चिम बंगालमधून पाठविलेले एक पत्र.

परदेशात हा प्रश्न निराळ्या वाटेने गेला. अमेरिकेत यादवी युद्धानंतर काळ्या नागरिकांच्या रक्षणासाठी १८७१ मध्ये केलेल्या कायद्याने पोलिसावर व्यक्तिशः दावा करता येतो. १९८४ मध्ये शार्लट शहरात मधुमेहाने व्याकूळ झालेला ग्रॅहम नावाचा माणूस संत्र्याचा रस घेण्यासाठी दुकानात शिरला, रांग पाहून घाईने बाहेर आला. पोलिसास संशय आला; त्याने गाडी अडविली. ग्रॅहमला बेड्या घातल्या, गाडीत फेकले. पाय मोडला, खांदा दुखावला, मित्राने आणलेला रसही पिऊ दिला नाही. शेवटी त्याने काहीच केले नव्हते, असे कळल्यावर घरी सोडले. १९८९ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की पोलिसाचा हेतू कसा होता हे पाहू नये. त्या जागी, त्या क्षणी असलेल्या समंजस अधिकाऱ्याने तेवढे बळ वापरले असते काय, एवढेच पाहावे. कसोटी बरी आहे. पण ‘तो क्षण’ पोलिसाच्या डोळ्यांनी पाहावयाचा असल्याने तिचा पारडा कोणीकडे झुकतो, हे सांगावयास नको. शिवाय तेथेही अधिकाऱ्याला वैयक्तिक संरक्षण देणारे तत्त्व न्यायालयांनीच निर्माण करून ठेविले आहे. कवच सर्वत्र आहे, घडण निराळी.

आपल्याकडचा फौजदारी कायदाही बळाला मोजमाप लावतो: पळून जाऊ नये म्हणून आवश्यक तेवढेच बंधन, अधिक नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते वाक्य कायम आहे. मात्र काही गंभीर गुन्ह्यांत बेड्या घालण्याची मुभा नव्याने आली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद कायद्यात केली. सालेकशाच्या माणसाला भरपाई मागावयाची तर अजूनही बहुधा नागपूरच्या खंडपीठाची पायरी चढावी लागते. वकील, मुक्काम, बुडालेली मजुरी हे सगळे आलेच.

आणि तेथे पोचल्यावर पहिला प्रश्न कागदाचा. रुदुल साहजवळ सुटकेचा हुकूम होता, नीलावतीच्या मुलास चौकीत नेताना लोकांनी पाहिले होते, बसूंचे अकरा नियम अटक झालेल्यांसाठी आहेत. २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला, तोही ठाण्यापुरता. नाक्यावर ज्यास अडविले, दोन काठ्या मारल्या आणि जा म्हणून सांगितले, त्यास अटक झालेलीच नसते. त्याचा मेमो होत नाही, नातेवाइकास कळविले जात नाही, डॉक्टर पाहत नाही. दंडाची पावती मिळाली असेल तर त्या दिवशी तो त्या रस्त्यावर होता, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते.