गहाण पडलेला धाराशिव आणि माझं क्रेडिट कार्ड

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी क्रेडिट कार्डाचा शेवटचा हप्ता भरला. लातूरच्या भाड्याच्या खोलीत बसून मोबाइलवर 'थकबाकी शून्य' वाचलं आणि पहिला फोन नांदेडला अम्मीला केला. त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

अब्बांच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले, तेव्हा कार्ड वापरलं होतं. बघता बघता आकडा 1 लाख 80 हजारांवर गेला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. बिलावर 'किमान रक्कम' म्हणून नऊ हजार लिहिलेले असत, तेवढे मी इमानदारीने भरत होतो. एकदा कागद घेऊन मांडून बघितलं. 6,300 व्याजात जात होते, त्यावर अकराशेच्या वर जीएसटी. मुद्दल कमी होत होतं जेमतेम दीड हजारानं.

तेव्हा मामूंनी तोड सुचवली. "सगळे पैसे मी भरतो, घराचा कागद तेवढा माझ्याकडे राहू दे." देगलूर नाक्याजवळचं दोन खोल्यांचं घर. मी तयार झालो होतो. अम्मी म्हणाली, "कागज घर के बाहर नै जाना."

त्या दिवसांत मी हैदराबाद संस्थानाचा इतिहास वाचत होतो. वाचताना लक्षात आलं की आपल्या भागाचा कागद एकदा असाच घराबाहेर गेला होता.

निज़ामाच्या दरबाराला कर्जाची सवय जुनी. 1814 मध्ये हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी उभी राहिली. ती सरकारला सुमारे 24 टक्क्यांनी पैसे पुरवायची. हे देणं इतकं वाढलं की ते फेडायला कायमची मिळकत मोडावी लागली. उत्तर सरकार या प्रांतापोटी इंग्रज निज़ामाला दरवर्षी सात लाख रुपये देत. 1823 मध्ये त्यावरचा हक्क सोडून दरबारानं एकरकमी सुमारे 1 कोटी 16 लाख घेतले आणि पामरचा हिशेब मिटवला. आपल्याकडे पोरीच्या लग्नासाठी शेत विकतात, तसंच हे.

एक कर्ज गेलं, दुसरं वाढत राहिलं. 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, पगार निज़ामाचा. तिच्या छावण्या आपल्या शेजारीच होत्या. नांदेडच्या वर हिंगोलीला एक, लातूरजवळ मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईला दुसरी. युद्ध असो वा नसो, खर्च चालूच. पगार थकला की इंग्रज आपल्या तिजोरीतून देत आणि निज़ामाच्या नावावर मांडत.

शेवटी मे 1853 मध्ये लॉर्ड डलहौसीच्या दबावाखाली निज़ाम नासिरुद्दौला यांनी तह केला. वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव इंग्रजांच्या ताब्यात गेले. लातूर 1982 पर्यंत ज्या जिल्ह्यात होतं, तोच हा धाराशिव. नांदेडकरांसाठी पैनगंगा ओलांडली की इंग्रजी अंमल सुरू झाला.

त्याच महिन्यात दिवाण सिराजुल्मुल्क वारले आणि त्यांचा 24 वर्षांचा पुतण्या मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, दिवाण झाले. सावकार आणि अरब जमादारांकडे तालुकेच्या तालुके गहाण पडले होते. (व्याजखोरी फक्त 'त्यांची' होती असं आपल्यातले काही जण सांगतात. अरब आणि रोहिले सावकारही व्याज घेत आणि हत्याराच्या धाकानं वसूल करत, हे कबूल करायला हवं.) सालारजंगांनी तालुके हळूहळू सोडवले. वसुलीचा मक्ता बंद करून पगारी तालुकदार नेमले. पैसा मध्यवर्ती खजिन्यात येऊ लागला. किती आले, किती गेले, हे दरबाराला कळू लागलं. सुधारणेची सुरुवात नुसत्या हिशेबानं झाली.

1860 मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचं कर्जही माफ झालं. पण हे फेडीचं फळ नव्हतं. 1857 मध्ये इंग्रजांची बाजू घेतल्याचं ते बक्षीस होतं. शिवाय त्याच तहात निज़ामानं वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क सोडून दिला. वऱ्हाड परत मिळावं म्हणून सालारजंग पुढे वर्षानुवर्षे झगडले, 1876 मध्ये इंग्लंडलाही जाऊन आले. उपयोग झाला नाही. 1902 मध्ये वर्षाला 25 लाखांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं गेलं.

हे वाचून अम्मीचं म्हणणं मला कळलं. मेहेरबानीनं फिटलेल्या कर्जाचीही किंमत असते आणि ती बहुतेक वेळा हिशेब विचारण्याच्या हक्कानं चुकवावी लागते. कुरआनातली सगळ्यात लांब आयत देण्याघेण्याची नोंद लिहून ठेवण्याबद्दल आहे. ही आयत मी लहानपणापासून ऐकत आलो, पण वही घातली चाळिशीत.

मामूंना मी अदबीनं नाही म्हटलं. ते काही दिवस रुसले. अम्मीची मोहल्ल्यातली भिशी होती, वीस बायका, महिन्याला दोन हजार. तिचा नंबर लागला तेव्हा चाळीस हजार माझ्या हातावर ठेवले. ते सगळे कार्डात भरले आणि कार्ड कात्रीनं कापलं. मग सतरा महिने दर पगाराला बारा हजार. बाहेरचं खाणं बंद, दर शनिवारी नांदेडला जायचो ते महिन्यातून एकदा, ईदला जुनेच कपडे. बायकोनं वही ठेवली. भाजीपासून रिचार्जपर्यंत सगळं त्यात.

कर्ज फिटलं तरी बारा हजार बाजूला काढणं थांबवलं नाही. पहिले पाच महिने अम्मीची भिशी फेडली, तिनं नको म्हटलं तरी. त्यानंतरचे पैसे आमच्या नावानं जमा होतात. पुढचं आजारपण येईल तेव्हा कार्डाकडे धावावं लागू नये, एवढीच इच्छा आहे.

तुमच्या घरात असं कर्ज असेल तर लाजू नका. आज इशानंतर घरच्यांना घेऊन बसा आणि कुणाचं किती, व्याज किती, मुद्दल किती, हे लिहून काढा. आकडा बघून पोटात गोळा येईल, आमच्याही आला होता. पण तो आकडा तुम्हाला माहीत असेल, समोरच्याच्या मेहेरबानीवर नसेल.

घराचा कागद अजून अम्मीच्या पत्र्याच्या पेटीत आहे. परवा नांदेडला गेलो तेव्हा तिनं काढून दाखवला आणि घडी घालून परत ठेवला.