टिटवीची अंडी आणि हस्ताचा पाऊस

अक्कलकोटच्या आग्नेयेस, सोलापूर–कलबुर्गी लोहमार्गावर वसलेले दुधनी हे तुरीच्या आडत बाजाराचे सरहद्दीवरील गाव. १९४८ पर्यंत पलीकडच्या मुलखात निजामाचा अंमल होता, गावात मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर नांदत आल्या, आणि पाऊस मात्र दोन्ही भाषांत नक्षत्रांवरच मोजला गेला. अशा अवर्षणप्रवण प्रदेशात आकाशाइतकेच लक्ष पाखरांकडे असे, यात नवल नाही.

त्यांत टिटवीचा मान मोठा. ती घरटे असे बांधतच नाही. उघड्या रानात चार खडे इकडेतिकडे सारून ढेकळांच्या रंगाची ठिपकेदार अंडी घालते, ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. ही अंडी ओढ्याच्या पात्रात आढळली तर पाऊस ओढ देणार, उंच बांधावर आढळली तर ओढा दुथडी भरून वाहणार, आणि जितकी अंडी तितके महिने वृष्टी, असा जुन्या शेतकऱ्यांचा समज. टिटवी बहुधा चारच अंडी घालते, त्यामुळे या शेवटच्या शकुनाने कोणाला फारसे निराश केले नसावे.

कावळ्याचा शकुन अधिक प्राचीन. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत वैशाखातील काकनीडाचा विचार केला असून, निकोप वृक्षावरील घरटे सुभिक्षाचे आणि काटेरी वा शुष्क वृक्षावरील दुर्भिक्षाचे चिन्ह मानले आहे. आता ज्या काळ्या रानात बांधावर बाभळीवाचून दुसरे झाड दुर्मीळ, तेथील कावळ्याने सुभिक्ष सुचवावे तरी कसे?

खरी अडचण पावशाची. ज्येष्ठात त्याने ‘पेर्ते व्हा’ म्हणून कंठशोष केला, तरी सोलापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस पडतो सप्टेंबरात, आणि शाळूची तिफण चालते ती उत्तरा-हस्ताच्या ओलीवर. मृगाच्या एका सरीवर भुलून ज्याने तूर-बाजरी पेरली त्याला दुबार पेरणीचे बियाणे सावकाराकडून दिडीने आणावे लागे. म्हणून येथल्या जाणत्या कुणब्याने पावशाचे ऐकले, पण ओल वीतभर खाली गेली की नाही हे माती उकरून पाहिल्याखेरीज मूठ सोडली नाही. शकुनाचा उपयोग भविष्य कळण्यासाठी जितका, तितकाच उतावळ्या मनाला चार दिवस थोपवून धरण्यासाठी होत असावा, असे मला वाटते.

१८७६ साली दोन्ही हंगाम बुडून जिल्हा दुष्काळात होरपळला. त्याच्या आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या सरकारी हवामान खात्याने पुढे १८८६ पासून हिमालयातील बर्फावरून पावसाळ्याचे अनुमान वर्तविण्यास प्रारंभ केला. परंतु ते अनुमान अवघ्या देशाचे, एका शिवाराचे नव्हे; शिवारापुरते उरले ते पाखरांचे शकुनच.

आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात लोकविद्या आयोगाने शाळकरी मुलांकरवी घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडची अशीच माहिती वह्यांत उतरवून घेतली. पाकोळ्या जमिनीलगत उडू लागल्या की पाऊस जवळ आला, ही समजूतही त्या वह्यांत सापडते. आमच्या महसुली दप्तरांत आणेवारी, तगाई आणि जमाबंदी यांची नोंद झाली, टिटवीला रकाना मिळाला नाही. सोलापुरातच जन्मलेल्या मारुती चितमपल्ली यांनी (१९३२–२०२५) वनखात्याची चाकरी सांभाळून पक्ष्यांविषयीचे लोकज्ञान चिकाटीने गोळा केले खरे. पण त्यांचा मोठा संचय विदर्भातील अरण्यांतला, सरहद्दीवरच्या तुरीच्या रानांतला नव्हे.