पाचवं चाक

'पाचवं चाक' हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला वाटलं, स्टेपनीबद्दल बोलणं चाललंय. अमेरिकेत राहणारा माझा भाचा हसला. म्हणाला, "मामू, स्टेपनी नव्हे. पिकअप ट्रकमागं चाकांवरचं घर ओढतात ना, त्याच्या जोडाला फिफ्थ व्हील म्हणतात." मी गेलो होतो तेव्हा त्यानं तो जोड दाखवला. ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर, जाड पोलादी थाळी. थाळीत जबडा. घराच्या पुढच्या टोकाखाली दोन इंच व्यासाची खुंटी, म्हणजे किंगपिन. चाक कुठंच नाही. मग हे नाव आलं कुठून?

आलं घोडागाडीतून. मी टांगेवाल्याचा मुलगा, म्हणून हा इतिहास मला घरचा वाटतो.

टांग्याला दोन चाकं. घोडा वळला की टांगा वळतो. चारचाकी बग्गीचं तसं नाही. तिचा पुढचा आस वेगळा वळावा लागतो. त्यासाठी आस आणि सांगाडा यांच्यामध्ये आडवं लोखंडी कडं बसवत. चार चाकं रस्त्यावर आणि हे पाचवं आडवं. एकोणिसाव्या शतकातले गाड्या बनवणारे अमेरिकी कारागीर त्याला फिफ्थ व्हील म्हणत.

पुढं मोटार आली. 1914 साली डेट्रॉइटमधले लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ यांच्याकडे फ्रेडरिक सिब्ली हे लाकडाचे व्यापारी आले. त्यांना फोर्डच्या मॉडेल टी मोटारीमागं होडी न्यायची होती. फ्रुहॉफ यांनी दोन चाकांचा ट्रेलर करून दिला. थोडं वजन मोटारीवर, बाकीचं ट्रेलरच्या चाकांवर. त्याला त्यांनी 'सेमी-ट्रेलर' म्हटलं. सिब्लींनी मग लाकूड वाहायलाही तसेच ट्रेलर मागवले. त्याच दशकात चार्ल्स मार्टिन यांनी ट्रकसाठी फिरता जोड तयार केला. बग्गी गेली, नाव राहिलं.

1920च्या दशकाच्या अखेरीस विमानविद्येतले ग्लेन कर्टिस यांनी 'एरोकार' नावाचं फिरतं घर बनवलं. त्याचा जोड म्हणजे मोटारीच्या मागच्या भागात आडवं ठेवलेलं विमानाचं हवा भरलेलं चाक. तिथं मात्र पाचवं चाक खरोखरच चाक होतं! आज आपल्या न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणाऱ्या ट्रेलरच्या पोटातही याच घराण्यातला जोड असतो.

घराच्या एकूण वजनापैकी साधारण 15 ते 25 टक्के भार या खुंटीतून ट्रकवर येतो. तो आसाच्या वर पडतो, म्हणून घर मागं डुलत नाही. पण जोडणी चुकली तर तेवढंच ओझं ट्रकच्या हौद्यावर कोसळतं.

भाच्यानं जोडणी केली ती मी नीट पाहिली. आधी घराच्या चाकांना पुढून-मागून अडणी. हौद्याचं मागचं फळकूट खाली. घराची उंची अशी, की ट्रक मागं येताना थाळी घराला किंचित उचलून धरील. घर जास्त उंच राहिलं तर खुंटी जबड्याच्या वरच टेकते आणि जोडल्यासारखी दिसते. त्यानं ट्रक सरळ रेषेत मागं घेतला. 'खट्' आवाज झाला. मी म्हटलं, "झालं!"

"नाही मामू, आवाज खोटं बोलतो."

बॅटरी घेऊन तो वाकला. दोन थाळ्यांमध्ये फट नाही ना, जबडा खुंटीच्या मानेभोवती मिटलाय ना, हे पाहिलं. दांड्याला खीळ घातली. विजेची तार जोडली. घर सुटलंच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी दोरी ट्रकला बांधली. मग घराचे पाय जमिनीपासून जरासेच उचलले, घराचे ब्रेक दाबून धरले आणि ट्रक हळूच पुढं ओढून पाहिला. जोड टिकला. तेव्हाच पाय पुरते वर घेतले, दिवे तपासले आणि शेवटी अडणी काढली.

माझे डोळे भरून आले. तो घाबरला. त्याला काय सांगणार?

मी बारा वर्षांचा होतो. अब्बांना ताप होता म्हणून घोडा मी जुंपला. तंगाचा, म्हणजे घोड्याच्या पोटाखालच्या पट्ट्याचा, बकल लागल्याचा आवाज ऐकला आणि निघालो. काटा छिद्रात गेलाच नव्हता. स्टेशनच्या चढावर तंग सुटला, दांड्या वर उडाल्या आणि मागं बसलेल्या म्हातारबाई रस्त्यावर पडल्या. त्यांचा हात मोडला. अब्बांनी मला मारलं नाही. तापातच उठून त्यांनी माझा हात धरून बकलावर ठेवला. "कान पे भरोसा नको कर बेटा, हात लगाके देख."

अब्बा रोज घोडा जुंपल्यावर लगाम धरून त्याला दोन पावलं चालवत, पट्टे ताणलेले पाहत, मगच सवारीला 'बैठो' म्हणत. त्या दोन पावलांना अमेरिकेत 'टग टेस्ट' म्हणतात, एवढंच मला नव्यानं कळलं.