शीड उभारलं की पंखा मिटवा

मुरबाडच्या एमआयडीसीत माझ्या पुतण्याचं लेथचं वर्कशॉप आहे. पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे बुश, राईस मिलचे रोलर अशी कामं तिथं चालतात. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईतल्या शिडाच्या बोटी पाण्याबाहेर काढतात, तेव्हा मधूनच एखादा पितळी दिसणारा जड गोळा गोणपाटात गुंडाळून आमच्याकडे येतो. त्याला तीन पाती असतात आणि प्रत्येक पातं हाताने फिरतं. पोरं तो उचलून बघतात आणि विचारतात, "काका, पंख्याची पाती घट्ट नकोत का?" मी शहापूरचा. आसनगावहून लोकल पकडून सारी नोकरी मुंबईच्या गोदीत फिटर म्हणून केली. पोरांच्या या प्रश्नाचं खरं उत्तर मुंबईच्या गोदीच्या जुन्या इतिहासात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अडचण साधी आहे. इंजिन चालू असताना मागचा पंखा बोट ढकलतो. इंजिन बंद करून शीड उभारलं की तोच पंखा पाण्यात आडवा येतो आणि बोटीला मागे ओढतो. लहान बोटीचा वेग त्याने सहज अर्धा नॉट कमी होतो. अर्धा नॉट ऐकायला काहीच वाटत नाही, पण चोवीस तासांत त्याचे १२ सागरी मैल होतात. जिथं वारा आणि इंजिन एकाच जहाजावर नांदतात, तिथंच ही अडचण येते. नुसत्या शिडाच्या तारवाला ती नव्हती, नुसत्या इंजिनाच्या बोटीला ती नाही.

आमच्या भागाचा जहाजांशी संबंध आला तो नुसत्या शिडाच्या काळात. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढच्या दोन वर्षांत तिथल्या खाडीत लढाऊ गलबतं बांधायला काढली. त्या कामावर रुई लैताव व्हियेगश हा पोर्तुगीज कारागीर होता आणि वसईच्या पोर्तुगिजांनी त्याला तिथून काढून घेण्याची खटपट केली. कल्याणच का, ते नकाशा उघडला की समजतं. माळशेजच्या बाजूने उतरणारी काळू मुरबाड तालुक्यातून येते, शहापूरची भातसा तिला मिळते आणि काळू पुढे कल्याणजवळ उल्हासला. वर सागाचं रान, खाली भरतीचं पाणी. तरी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मुंबईच्या गोदीतली सगळी मोठी जहाजं आपल्याच सागाची, असं आमच्याकडे अभिमानाने बोललं जातं. ते खरं नाही. वाडिया मंडळींनी बांधलेल्या मोठ्या युद्धनौकांचा साग मुख्यतः मलबारचा. १८१७ साली जमशेटजी बोमनजी वाडियांनी पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे, तिचं लाकूडही मलबारचंच. आपल्या रानाचा मान त्याने कमी होत नाही.

मुंबईत वारा आणि वाफ पहिल्यांदा एकत्र आली ती 'ह्यू लिंडसे'वर. नवरोजी जमशेटजी वाडियांनी बांधलेली ही बोट १८२९ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली. ४११ टनांची, सागाची, दोन्ही अंगांना मोठी वल्हेचाकं. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. तिच्या कोठारात साडेपाच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाची सोय होती आणि पहिला टप्पा एडनचा! म्हणून कोठार भरलं, मग केबिनी भरल्या, डेकवर ढीग लावले. बोट इतकी खाली बसली की चाकं जेमतेम फिरत होती. ११ दिवसांनी एडन आलं तेव्हा कोळसा जवळपास संपला होता.

मला ही हकीगत फार महत्त्वाची वाटते. कोळसा महाग, जागा खाणारा आणि वाटेत कुठेच न मिळणारा होता, म्हणून शीड ठेवावंच लागे. वारा मिळाला की आग विझवायची आणि कोळसा वाचवायचा. पण मग बंद पडलेलं चाक पाण्यात अडे. वल्हेचाकाच्या फळ्या काढून ठेवणं हा त्यावरचा उपाय होता. भर समुद्रात, हलत्या जहाजावर, बोल्ट खोलून एकेक फळी उतरवायची. ज्याने आयुष्यभर गंजलेले बोल्ट खोललेत, त्याला त्या खलाशांचे हात डोळ्यांसमोर येतात.

मग पंखा आला. १८३६ मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन या दोघांनी वेगवेगळी पेटंटं घेतली. १८४५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज नौदलाने पंख्याची 'रॅटलर' आणि वल्हेचाकांची 'अलेक्टो' पाठीला पाठ लावून बांधली आणि दोघींची रस्सीखेच लावली. 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला तिचं इंजिन पूर्ण जोरात चालू असताना ओढत नेलं. मुंबईत तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंते होते अर्देशिर कर्सेटजी वाडिया, १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झालेले पहिले भारतीय. १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या घरात त्यांनी गॅसचे दिवे लावले होते. लाकडाच्या कारागिरांच्या घरात जन्मून लोखंडाकडे वळलेला हा माणूस. गोदीत त्यांच्या नावाचा उल्लेख व्हायला हवा तितका होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पंखा आल्यावर मुंबईच्या जुन्या सागवानी जहाजांना दुसरा जन्म मिळाला. 'कॉर्नवॉलिस' १८१३ ची, जमशेटजींचीच. १८४२ मध्ये तिच्यावर चीनशी नानकिंगचा तह झाला. तिला १८५५ मध्ये इंजिन आणि पंखा बसवला आणि त्याच वर्षी ती बाल्टिक समुद्रात रशियाविरुद्ध लढली. १८४८ ची 'मियानी' १८५७ मध्ये पंख्यावर आली. चाळीस वर्षांच्या सागाच्या जहाजाची मागची बाजू कापायची, त्यातून शाफ्टला भोक पाडायचं, वर इंजिनाचा भार टाकायचा, आणि तरी ते लाकूड टिकायचं. चांगल्या सागाची यापेक्षा मोठी परीक्षा मला तरी ठाऊक नाही.

आणि इथेच आमच्या पोरांचा प्रश्न उभा राहिला. जहाजाला शीड आहे, पंखाही आहे, तर शिडावर जाताना पंख्याचं काय करायचं? पहिला उपाय अगदी सोपा. दोनच पात्यांचा पंखा घ्यायचा, शाफ्टवर खूण करायची आणि पाती उभी राहतील असा शाफ्ट थांबवायचा, म्हणजे ती मागच्या उभ्या खांबाआड लपतात. आजही लांब कण्याच्या जुन्या बोटींवर असंच करतात. दुसरा उपाय पंखा उचलून घ्यायचा. जहाजाच्या मागच्या भागात विहिरीसारखी उभी पोकळी ठेवायची आणि पंखा चौकटीसकट तिच्यातून वर ओढायचा. इंग्रज अभियंता ब्रुनेलच्या 'ग्रेट ब्रिटन'ला १८५७ मध्ये अशी चौकट बसवली. १८६० च्या 'वॉरिअर'चा दोन पात्यांचा पंखा इतका जड होता की तो वर घ्यायला शेकडो खलाशी दोरांना लागत. धुराडंही आत सरकायचं, म्हणून शीड लावताना हुकूम निघे : धुराडं खाली, पंखा वर.

तिसरा उपाय मला सगळ्यांत सुंदर वाटतो. पंखा जागेवरच ठेवायचा, फक्त पाती वळवून त्यांची धार पाण्याच्या दिशेला करायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या मॉड्स्ले कारखान्याने अशी यंत्रणा केली. विचार अचूक होता, पण ती पाती वळवण्याचे दांडे आणि सांधे खाऱ्या पाण्यात सदैव बुडालेले, आणि त्या काळी ना आजचं ग्रीस होतं ना आजचे मिश्रधातू.

ही यंत्रणा सुधारायच्या आधीच तिची गरज संपली. एडन १८३९ मध्येच इंग्रजांनी घेतलं होतं आणि तिथं कोळशाची वखार झाली. पुढे बंदराबंदरात वखारी झाल्या, इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. शीड उतरलं, डोलकाठीला झेंडे लागले, आणि मिटणाऱ्या पंख्याकडे कोणी पाहिनासं झालं. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांचंही असंच झालं. स्वातंत्र्यानंतर सातपाटी-वर्सोव्याच्या होड्यांना इंजिनं बसली, काही काळ शीड आणि पंखा दोन्ही राहिले, मग शीड गेलं आणि घट्ट पंखा तेवढा उरला. त्यांना मिटणारा पंखा परवडलाही नसता आणि लागलाही नसता. कोळसा किंवा डिझेल हातात मुबलक आलं की पंखा पाण्यात आडवा येतो की नाही हे कोणी पाहत नाही.

मिटणारा पंखा परत आला तो हौशी प्रवासी बोटींवर, कारण तिथं माणूस मुद्दाम वाऱ्यावर जायला निघतो. १९७० च्या दशकात इटलीच्या मॅक्स बियांकी यांनी केलेला 'मॅक्स प्रॉप' आमच्या बाकावर जास्त येतो. त्याचं पोट उघडलं की आत मधोमध शंकूच्या आकाराचं गिअर आणि प्रत्येक पात्याच्या बुडाशी त्याला अडकलेलं छोटं गिअर दिसतं. शाफ्ट फिरू लागला की आतलं गिअर आधी पाती वळवतं, ती ठरलेल्या कोनाला टेकतात आणि मग सगळा पंखा फिरतो. उलटा गिअर टाकला की पाती पूर्ण उलटी वळतात, म्हणून मागे जातानाही तीच धार पुढे राहते आणि ढकल चांगली मिळते. शाफ्ट थांबला की पाण्याचा दाब पाती सरळ करतो. पाती सपाट लागतात, पीळ देता येत नाही, म्हणून पुढे जाताना घट्ट पंख्यापेक्षा जोर किंचित कमी. बिजागरीवर मागे मिटणारे पंखे वेगळे. ते मिटले की पाण्याला आणखी कमी अडतात, पण उलट्या गिअरमध्ये पाण्याचा रेटा पाती मिटवायलाच बघतो. ज्याला मुंबईहून गोव्याला, पुढे लक्षद्वीपला जायचं आहे आणि अरुंद बंदरात बोट वळवायची आहे, त्याला मी वळणाऱ्या पात्यांचाच पंखा सांगतो. आपल्या किनाऱ्यावर रात्री जाळी आणि दोऱ्या पसरलेल्या असतात. मिटलेल्या पात्यांत त्या कमी गुंततात.

घेताना शाफ्टचा व्यास आणि निमुळता भाग नीट मोजायचा, इंजिनाची ताकद आणि गिअरबॉक्सचं गुणोत्तर कळवायचं, शाफ्ट उजवीकडे फिरतो की डावीकडे हे पाहायचं. आलेला पंखा शाफ्टवर थेट चढवायचा नाही. शाफ्टच्या निमुळत्या भागाला निळा रंग पुसटसा लावायचा, हब म्हणजे पंख्याचा मधला भाग दाबून बसवायचा, काढायचा आणि आत पाहायचं. निळा डाग सगळीकडे सारखा उमटला नसेल तर घासून बसवायचा. पात्यांचा कोन जास्त ठेवला तर इंजिन पुरे फेरे घेत नाही आणि काळा धूर सोडतं. कमी ठेवला तर नुसतंच धावतं.

सांभाळायचं म्हणाल तर मुंबईचं कोमट, गढूळ पाणी या पंख्याचा वैरी आहे. बोट दोन आठवडे उभी राहिली की पात्यांवर बार्नेकल धरतात आणि वळण्याच्या जागी बसले तर पातं अडतं. म्हणून उभ्या बोटीचं इंजिन अधूनमधून पुढे-मागे चालवावं. शीड लावताना हळू पुढे जात असतानाच इंजिन बंद करायचं. तरी शाफ्ट फिरत राहिला तर उलटा गिअर टाकून तो अडवायचा, कारण मोकळा फिरणारा पंखा मिटत नाही. ग्रीस वर्षाला बदलायचं. उघडल्यावर ते दुधासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी आत शिरलं समजा; मग गिअर धुऊन, दात पाहून, पात्यांवरची अक्षरं हबवरच्या अक्षरांशी जुळवून परत जोडायचं. एक पातं एका दाताने चुकलं तर सगळी बोट थरथरते.

पंख्याच्या टोकाला जस्ताचा तुकडा असतो. समुद्राच्या पाण्यात पंख्याऐवजी तो झिजतो, तेवढंच त्याचं काम. अर्धा झिजला की बदलायचा आणि त्याला रंग कधीच लावायचा नाही. जस्त संपल्यावर पाणी पंख्यातलंच जस्त खाऊ लागतं. मी पात्याची कड कानशीने जराशी घासून पाहतो. खाली पिवळा धातू दिसला तर ठीक. गुलाबी दिसला तर त्यात तांबंच उरलेलं असतं. हातोडीचा हलका ठोका मारला की टणत्काराऐवजी बद्द आवाज येतो. मालक म्हणतो, पॉलिश करून द्या. मी पॉलिश करत नाही, पातं बदलायला सांगतो.