दोन शिलिंगांचे जहाज

माझे मामू कुवेतहून सुट्टीवर आले की त्यांच्या बॅगेतून अत्तर, कंबल, टॉर्च आणि दुधाची पावडर निघायची. एका वर्षी त्या सामानातून एक चपटे खोके निघाले. झाकणावर ढगांतून झेपावणारे लढाऊ विमान होते. आत मात्र करड्या प्लॅस्टिकचे सापळे, आणि त्यांना लगडलेले पंख, चाके, एक इवलासा वैमानिक. मी सातवीत होतो. ते विमान आपणच जोडायचे आहे हे कळायलाच अर्धा दिवस गेला.

जोडायचे कशाने? खोक्यात गोंद नव्हता. घरातला पांढरा डिंक लावला, तर सकाळी पंख गळून पडलेला. सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन लावले, त्याने नुसता चिकटा झाला. शेवटी शेजारच्या आपांकडून नखांचा रंग पुसायचे औषध आणले. त्याने प्लॅस्टिक विरघळले आणि पंख घट्ट बसला, पण वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच कायमची दुधाळ झाली. अम्मी म्हणाली, “जाऊ दे बेटा, हे अमीरांच्या मुलांचे खेळ.”

ते वाक्य मी तीस वर्षे खरे मानले. परवा शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याने स्केल मॉडेलबद्दल अगदी तेच म्हटले, आणि मी त्यांच्याशी वाद घातला. कारण मधल्या काळात या छंदाचा इतिहास मी थोडाफार वाचला होता, आणि तो अम्मीच्या वाक्याच्या बरोबर उलटा निघाला. घरी बसून प्लॅस्टिकची विमाने जोडणे हा प्रकार जगभर पसरला तो खाऊच्या पैशांवर.

उर्दूच्या तासाला ‘किफायत’ शब्द आला की मी मुलांना थांबवतो. अरबीतून फारसीत, तिथून उर्दूत आणि मराठीत आलेला हा शब्द. मुळात त्याचा अर्थ पुरेसे होणे, भागणे. मराठीने त्याला ‘शीर’ जोडून ‘किफायतशीर’ केले आणि तो स्वस्ताईकडे झुकला. मॉडेलच्या इतिहासात मात्र मला दोन्ही अर्थ दिसतात. वस्तू स्वस्त होती, आणि ती पुरत होती.

प्रमाणापासून सुरुवात करू. विमानांच्या मॉडेलचे सर्वात रुळलेले प्रमाण म्हणजे 1:72. हा आकडा आला कुठून? इंग्रजी मापात सहा फूट म्हणजे 72 इंच. म्हणून सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. 1930च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘स्कायबर्ड्स’ नावाची लाकडी मॉडेले याच प्रमाणात मिळत. 1936 मध्ये ‘फ्रॉग’ कंपनीने ‘पेंग्विन’ या नावाने प्लॅस्टिकची किट काढली, तीही याच प्रमाणात. पण तेव्हाचे प्लॅस्टिक, सेल्युलोज अॅसिटेट, काळाबरोबर वाकडे होई. या प्रमाणातले स्पिटफायर विमान पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत साडेपंधरा सेंटिमीटर भरते. म्हणजे ते तळहातावर मावते, खिडकीच्या कठड्यावर राहते, आणि प्लॅस्टिकही थोडेच लागते.

मग युद्ध आले, आणि खेळणे सरकारी कामाला लागले. शिक्षक म्हणून मला हा तुकडा सर्वात आवडतो. पर्ल हार्बरनंतर, 1942च्या सुरुवातीला, अमेरिकी नौदलाने देशातल्या शाळांना एक काम दिले: पाच लाख लाकडी विमाने करून द्या. पन्नास जातींची विमाने, सगळी 1:72 प्रमाणात, सगळी काळ्या रंगाची. आकाशातली आकृती पाहून आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते, हे सैनिकांना क्षणात ओळखता यावे म्हणून ती हवी होती. प्रमाणाचा इथे दुहेरी उपयोग होता. असे मॉडेल 35-36 फुटांवर धरले की अर्ध्या मैलावरचे खरे विमान दिसेल तेवढे ते दिसते. 36 ला 72ने गुणून पाहा. कारागीर युद्धात गुंतलेले, धातू कारखान्यांना हवा. उरली होती शाळांची लाकूडकामाची वर्गखोली, पट्टी, कानस आणि मुले. मुलांच्या हातून झालेले मॉडेल तपासले जाई आणि मापात नसेल तर नाकारलेही जाई. आपल्याकडे कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी केलेली वस्तू कुणी मापून नाकारल्याचे मला आठवत नाही. आपण फक्त शेरा देतो.

त्याच काळात ब्रिटनमध्ये कागदही मोजून मिळत होता. 1941 मध्ये जेफ्री हायवे यांनी ‘मायक्रोमॉडेल्स’ काढली. पोस्टकार्डाएवढ्या पत्त्यांवर छापलेली जहाजे, इंजिने, इमारती. कापायची, दुमडायची, चिकटवायची. गरीब छंदिष्टांची ही कागदी परंपरा पुढे पोलंडमध्ये फार फोफावली. तिथे 1957 पासून ‘माली मोडेलाश’ नावाचे मासिक निघू लागले, म्हणजे ‘छोटा मॉडेलकार’. अंकातच मॉडेल छापलेले. कात्री, गोंद आणि आतल्या सांगाड्यासाठी जाड पुठ्ठा एवढे घरात असले की झाले.

आता ते दोन शिलिंगांचे जहाज.

निकोलस कोव्ह हे हंगेरीतून आलेले ज्यू निर्वासित. 1939 मध्ये त्यांनी लंडनमध्ये ‘एअरफिक्स’ सुरू केली. कंपनी मॉडेल करत नव्हती, हवा भरलेली रबरी खेळणी करत होती; नावातली ‘एअर’ तीच. विमानाशी तिचा संबंध नाही. युद्धानंतर त्यांनी वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरणारे यंत्र घेतले आणि कंगवे काढायला सुरुवात केली. जो कारखाना पुढे लाखो मुलांच्या खोलीतल्या छताला विमाने टांगणार होता, तो आधी कंगव्यांवर जगला!

1949 मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टर कंपनीला आपल्या विक्रेत्यांसाठी छोटा ट्रॅक्टर हवा होता. एअरफिक्सने तो केला, पण कामगारांकडून एकेक ट्रॅक्टर जोडून घेणे महाग पडू लागले. तेव्हा सुटे भागच विकावे, जोडणारा जोडेल, असा मार्ग निघाला. मजुरी वाचवायची म्हणून जोडण्याचे काम गिऱ्हाइकावर टाकले, आणि गिऱ्हाइकाला नेमके तेच काम आवडले. व्यापाराच्या इतिहासात अशी गंमत क्वचितच घडते.

खरी कलाटणी मिळाली ती 1952 मध्ये. वूलवर्थ ही ब्रिटनमधली स्वस्त मालाची दुकाने. युद्धाआधी तिथे सहा पेन्सच्या वर काही विकायचे नाही असा दंडकच होता. त्यांच्या खरेदी अधिकाऱ्याने एअरफिक्सला सुचवले, की फ्रान्सिस ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचे छोटे किट करा. ड्रेक याच जहाजातून 1577 ते 1580 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, त्यामुळे प्रत्येक इंग्रज मुलाला ते पाठ. अट किमतीची होती. खोके केले असते तर किंमत चढली असती. म्हणून प्लॅस्टिकची पिशवी, वर घडी घालून पिन मारलेला कागद, आणि जोडणीच्या सूचना त्याच कागदाच्या मागच्या बाजूला. किंमत दोन शिलिंग, म्हणजे पौंडाचा दहावा भाग. आठवड्याचा खाऊ साठवला तर मुलाला स्वतःच्या पैशाने घेता येईल अशी वस्तू. आई-बापांची परवानगी मागायची गरज नाही, हे मला त्यातले सर्वात मोठे वाटते.

पुढच्याच वर्षी स्पिटफायर आले. अमेरिकी कंपनीचे मोठे मॉडेल समोर ठेवून ते लहान केले होते, त्यामुळे चुकांनी भरलेले. अंगावर ‘बीटीके’ अशी अक्षरे असलेले ते बेढब विमान जुने छंदिष्ट आजही हसत हसत आठवतात. पण चुका कुणाला दिसत होत्या? ज्यांच्या गल्लीवर दहा वर्षांपूर्वी बॉम्ब पडले होते, त्या मुलांच्या हाती वडिलांच्या गप्पांमधले विमान आले होते.

या धंद्याचे गणित समजून घेतले पाहिजे. पोलादी साचा अतिशय महाग असतो. एकदा तो झाला की त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगाला मात्र फार थोडे प्लॅस्टिक लागते. म्हणजे स्वस्त विकायचे तर खूप विकले पाहिजे, आणि तोच साचा वर्षानुवर्षे वापरला पाहिजे. म्हणून साठच्या दशकातला साचा नव्या चित्राच्या खोक्यातून पुन्हा बाजारात आलेला दिसतो. आज कमी पैशांत हा छंद करणारे मुद्दाम असे जुने साचे शोधतात. भाग कमी, बारकावे कमी, किंमतही कमी; उरलेले हाताने भरून काढायचे.

या हाताने भरून काढण्याचीही एक परंपरा आहे. भाग काढून झाल्यावर उरलेली प्लॅस्टिकची दांडी मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, फिरवायची. ती मऊ झाली की दोन्ही टोकांनी हळूच ओढायची. केसाइतका बारीक तार निघतो, तो विमानाचा एरियल. त्याच दांडीचे तुकडे गोंदात विरघळवले की फटी बुजवायचे लुकण तयार. रंग लावण्याआधी साबणाच्या पाण्याने भाग धुवायचे, कारण साच्याचे तेल अंगावर असले की रंग धरत नाही. आणि ज्या पांढऱ्या डिंकाने मला फसवले, तो पंखासाठी निरुपयोगी असला तरी काचेसाठी उत्तम. सुकल्यावर पारदर्शक होतो आणि प्लॅस्टिकला दुधाळ करत नाही. हे मला सातवीत कुणी सांगितले असते तर!

जपानमध्येही किमतीनेच दिशा ठरवली. शिझुओकाची ‘तामिया’ ही मुळात लाकडाचा व्यापार करणारी कंपनी, लाकडी मॉडेले करत होती. 1960 मध्ये तिने ‘यामातो’ युद्धनौकेचे पहिले प्लॅस्टिक किट काढले. प्रतिस्पर्ध्याचे तेच जहाज स्वस्त होते, तामियाचे पडले. नंतर तिने मोटारीवर चालणारा जर्मन पँथर रणगाडा काढला, आणि तो कोणत्या प्रमाणात? आत मोटार आणि बॅटरीचे सेल मावतील एवढा, म्हणून 1:35. आज जगातले बहुतेक लष्करी वाहनांचे किट याच प्रमाणात असतात. हा प्रमाणभूत आकडा ठरवला तो बॅटरीच्या सेलने.

आणि सोव्हिएत प्रकरण. सत्तरच्या दशकाच्या मध्यात ‘फ्रॉग’चे बरेचसे साचे सोव्हिएत संघाला गेले. बदल्यात तयार किट परत यायची आणि ‘नोवो’ नावाने विकली जायची. जर्मन आणि जपानी विमानांचे साचे सोव्हिएतांनी घेतलेच नाहीत. महायुद्धाचा घाव अजून ओला होता. तिथल्या मुलांना ब्रिटिश विमाने मिळाली ती साध्या वेष्टनात, बरेचदा लाल ताऱ्याचे चिन्ह लावून. भिंतीच्या या बाजूचा मुलगा आणि त्या बाजूचा मुलगा एकाच साच्यातून निघालेला पंख घासत बसले होते, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नसणार.

उतरण लवकर आली. प्लॅस्टिक तेलातून येते. 1973च्या तेलसंकटाने किमती चढल्या. जन्मदर घटला, टीव्ही आणि नंतर व्हिडिओ गेम आले. मेकॅनो आणि डिंकीसारख्या दुखण्यातल्या कंपन्या घेऊन बसलेली एअरफिक्स जानेवारी 1981 मध्ये बुडाली. साचे विकले गेले, फ्रान्सला गेले, पुन्हा विकले गेले, आणि 2006 मध्ये हॉर्नबीकडे आले. छंद जगला, पण खरेदीदार बदलला. 1960 मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगाच साठी ओलांडून आता किट घेतो. त्याला अचूक रिव्हेट हवे, वेगळे धातूचे भाग हवे, आणि त्यासाठी पैसे मोजायची त्याची तयारी आहे. कंपन्या त्याचे ऐकतात, आणि त्यात चूक काय म्हणावी? पण दोन शिलिंगवाला मुलगा त्यात कुठे राहिला? माझा सहकारी आजच्या किमती पाहून बोलत होता. अम्मीही, तिच्या जागी, बरोबरच होती.

काही वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी एक लहान विमान विकत घेतले. फॉलंड नॅट. 1965 आणि 1971च्या युद्धांत आपल्या हवाईदलाने उडवलेले, बंगळुरूत हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेले. खोक्यात चिन्हे होती ती ब्रिटिशांच्या कसरती पथकाची, त्यामुळे बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे असे आपले वर्तुळ मी शून्य नंबरच्या ब्रशने स्वतः काढले. नीट गोल आले नाही. दुसऱ्या एका वेळी घेतलेल्या एअरफिक्सच्या खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेले दिसले: मेड इन इंडिया. 2010च्या दशकात त्यांचे बरेच उत्पादन भारतात होत होते. ते खोके उलटेपालटे करून मी दोन वेळा वाचले.

वर्गात मी किट नेऊ शकत नाही. चाळीस मुले आहेत. आम्ही पोलंडच्या मार्गाने गेलो. जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. त्यांचा कागद जाड, गुळगुळीत, आणि प्रत्येक घरात ढीगभर. खांबांना खराट्याची हीर. मॉडेल आमच्याच शाळेचे, आणि प्रमाण 1:72 नव्हे तर 1:100, कारण आमच्या पट्टीत इंच नाहीत. एक मीटरला एक सेंटिमीटर म्हटले की पाचवीच्या मुलालाही हिशेब जमतो. मुलांनी टेप घेऊन व्हरांडा मोजला, पायऱ्या मोजल्या, झेंड्याचा खांब सावलीवरून काढला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसाठी एका मुलीने टूथपेस्टचे झाकण आणले होते. मला ते झकास वाटले. तिने पट्टी लावली, मान हलवली आणि म्हणाली, “नाही सर, ही टाकी दीड मीटरपेक्षा रुंद होते. आपली एवढी नाही.” झाकण खिशात टाकून ती दुसरे शोधायला गेली.