घर मालकाचं, दार भाडेकरूचं : पाहणीच्या हक्काचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर एकाने मला विचारलं, "घरमालकाने भाड्याच्या घरात येऊन बघणं, यात इतिहास कसला?" प्रश्न रास्त आहे. पण मुंबईत किंवा पुण्यात जो कधी भाड्याने राहिला आहे, त्याला हा क्षण माहीत असतो. रविवारी सकाळी बेल वाजते, दारात मालक उभे. "जरा घर बघून जातो." नाही म्हणायचं तर संबंध बिघडणार, आणि हो म्हणायचं तर आपल्या पसाऱ्यातून परका माणूस फिरणार. त्या दारात नेमका कोणाचा हक्क चालतो, हे ठरायला शंभराहून जास्त वर्षं लागली आहेत.

सुरुवात दोन शब्दांपासून करू. मालकी आणि ताबा. आपल्याला वाटतं, ज्याची मालकी त्याचं सगळं. कायदा असं मानत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत गुन्हेगारी अतिक्रमणाची व्याख्या होती. ती नीट वाचली की लक्षात येतं, तिथे 'दुसऱ्याच्या मालकीच्या' जागेबद्दल बोललेलं नाही, 'दुसऱ्याच्या ताब्यातल्या' जागेबद्दल बोललेलं आहे. गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या इराद्याने तिथे शिरणं हा गुन्हा. म्हणजे सातबाऱ्यावर किंवा खरेदीखतावर नाव माझं असलं, तरी त्या इराद्याने भाडेकरूच्या घरात शिरलो तर मीही त्या व्याख्येत बसू शकतो. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत हेच तत्त्व कलम ३२९ मध्ये आलं आहे.

मग मालकाने काहीच बघायचं नाही का? तसंही नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ बघा. त्यात दोघांचे हक्क आणि जबाबदाऱ्या समोरासमोर मांडल्या आहेत. करारात वेगळं ठरलं नसेल, तर भाडं देणाऱ्या आणि अटी पाळणाऱ्या भाडेकरूला जागेचा विनाव्यत्यय उपभोग मिळाला पाहिजे. त्याच कलमात पुढे असंही आहे की, भाडेकरूने मालकाला किंवा त्याच्या माणसाला 'वाजवी वेळी' आत येऊन जागेची स्थिती बघू द्यावी. भाडेकरूच्या चुकीने काही बिघडलेलं दिसलं तर मालकाने नोटीस द्यावी, आणि भाडेकरूने तीन महिन्यांत ते दुरुस्त करावं. पाहणीचा हेतू इथे स्वच्छ आहे. बघायचं ते घर, माणसं नव्हे.

कागदावर एवढं सरळ असलेलं प्रकरण पुढे बिघडलं कसं? त्याचं उत्तर मुंबईच्या भाडेनियंत्रणात आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईत भाड्यावर पहिला लगाम आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी साधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठली. गिरणगावातल्या, गिरगावातल्या लाखो माणसांना या कायद्याने छप्पर दिलं, हे विसरून चालणार नाही. पण भाडं गोठलं आणि दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत गेला. मालकाला घराची काळजी घेण्यात रस उरला नाही. रस उरला तो फक्त घर रिकामं करून घेण्यात. त्यासाठी कोर्टात कारण लागतं. विनापरवानगी पक्कं बांधकाम केलं, पोटभाडेकरू ठेवला, जागा सहा महिने वापरलीच नाही, अशी कारणं.

आता पाहणीचा अर्थ कसा बदलला बघा. मालकाचा माणूस खोलीत आला की त्याची नजर गळक्या छताकडे जायची नाही, ती पोटमाळ्याकडे जायची. नवा ओटा घातलाय का, खाटेवर झोपलेला पाहुणा कोण आहे, हे तो बघायचा. पाहणी म्हणजे पुरावा गोळा करणं झालं. साहजिकच भाडेकरूने दार बंद केलं. नुकसान दोघांचंही झालं, पण सगळ्यात जास्त झालं ते इमारतीचं. तुळया कुजत राहिल्या. शेवटी १९६९ मध्ये जुन्या इमारतींसाठी सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याच्या तरतुदींवर कडक शब्दांत बोट ठेवलं. त्यानंतर आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. ३१ मार्च २००० पासून तो लागू आहे. त्यातलं कलम २८ अगदी एका वाक्याचं आहे : मालकाला पूर्वसूचना देऊन, वाजवी वेळी जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे. हे फक्त भाडेकरूला नाही, तर लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यालाही लागू आहे. हक्क आहे, पण सूचनेच्या आणि वेळेच्या चौकटीत. जुनी भीतीही या कायद्याने थोडी कमी केली. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठीची खिडकी अशा कामांना, जिथे लागते तिथे पालिकेची परवानगी असेल, तर 'पक्कं बांधकाम' म्हणता येत नाही. आणि कलम १४ ने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर ठेवली.

'पूर्वसूचना' म्हणजे किती, हे कलम २८ सांगत नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना, असं स्पष्ट आहे. तो फक्त नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक होत नाही. पण करारात ही अट लिहून घ्यायला कोणाची आडकाठी आहे?

(श्रोत्यांमधून प्रश्न : मालकाकडे दुसरी किल्ली असेल तर?)

चांगला प्रश्न. किल्ली असणं आणि परवानगी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आपण नसताना येऊन मालकाने कुलूप बदललं आणि भाडेकरूला बाहेर काढलं, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कोणाची, हा बचाव चालत नाही.

म्हणून मालकमंडळींना माझं सांगणं एवढंच : आदल्या दिवशी मेसेज करा, कारण लिहा, वेळ विचारा. आणि भाडेकरूंना : सूचना रीतसर आली असेल तर दार उघडा, आणि छत कुठे गळतंय ते आधी दाखवा. पाहणीचा मूळ हेतू तोच होता.