मावशीचा हात

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप चिटणीसांकडून आला तेव्हा छत्तीसगडातील भोसल्यांच्या राजवटीवर लिहायचे मी ठरवले होते. भिलाईत तीस वर्षे इतिहास शिकवल्यावर दुसरे काय सुचणार! पण मध्यंतरी ओळखीतल्या एका वहिनींनी छातीतली गाठ सात महिने अंगावर काढल्याचे कळले. "दाखवली असती तर सगळं कापून टाकलं असतं ना," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे. सणाच्या अंकात हा विषय कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी क्षमा करावी.

वहिनींची भीती मी घरात पाहिलेली आहे. माझ्या सांगलीच्या मावशीची शस्त्रक्रिया १९७४ साली झाली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या. कातडीखाली बरगड्या दिसत. उजवा हात कायमचा सुजला आणि खांद्याच्या वर जाईना. गौरींच्या वेळी ती लांब बाह्यांचे पोलके घालून उभी राही आणि तोरण आम्हा मुलींकडून बांधून घेई. पण त्यानंतर ती २२ वर्षे जगली. एवढे कापले म्हणूनच वाचली, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

ही शस्त्रक्रिया आली कुठून, याचा शोध मी पुढे घेतला.

भूल नव्हती तेव्हाही स्तनाच्या शस्त्रक्रिया होत. इंग्लिश कादंबरीकार फॅनी बर्नी हिची शस्त्रक्रिया ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये, तिच्या राहत्या घरी झाली. शस्त्रवैद्य होता नेपोलियनच्या सैन्यातला नामांकित लॅरे. तोंडावर पातळ रुमाल, पोटात थोडे मद्य आणि पूर्ण शुद्ध! मलमपट्टीसकट वीस मिनिटे लागली. तिने ती हकीकत बहिणीला पत्रातून कळवली, पण ते पत्र पुरे करायला तिला काही महिने लागले. ती १८४० पर्यंत जगली.

१८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल यशस्वी झाली. १८६७ साली लिस्टरने कार्बोलिक ॲसिडने जखमा सडण्यापासून वाचवण्याची पद्धत मांडली. आता शस्त्रवैद्याला घाई उरली नाही. या सवडीचा पुरेपूर उपयोग केला अमेरिकेच्या विल्यम हॉल्स्टेडने. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे रूढ झाले तेही त्याच्यामुळेच. औषधी पाण्याने हात खराब होणाऱ्या एका परिचारिकेसाठी त्याने ते बनवून घेतले आणि पुढे तिच्याशीच लग्न केले.

हॉल्स्टेडचे म्हणणे असे, की कर्करोग गाठीतून झाडाच्या मुळांसारखा क्रमाक्रमाने पसरतो. तेव्हा स्तन, स्नायू, ग्रंथी सगळे एकसंध काढावे. १८९४ साली त्याने ५० रुग्णांचा अहवाल छापला. इतरांच्या हातून निम्म्याहून अधिक रुग्णांत रोग त्याच जागी परत येई. त्याच्या हातून फक्त ६ टक्क्यांत. त्या काळी हे मोठेच यश होते. सुमारे ऐंशी वर्षे जगभर हीच पद्धत चालली.

पण जागा स्वच्छ राहूनही कित्येक स्त्रिया हाडांत, फुप्फुसांत रोग पसरून दगावत. त्यावर उत्तर काढले गेले ते आणखी कापण्याचे. लंडनच्या जेफ्री केन्सने (प्रसिद्ध अर्थतज्ज्ञ केन्सचा धाकटा भाऊ) १९२० च्या दशकात रेडियमच्या सुया वापरून स्तन वाचवून दाखवला, पण फारसे कोणी ऐकले नाही. "माझा रुग्ण वाचला" हाच पुरावा प्रत्येकाजवळ होता. आमच्या घरातलाही तोच पुरावा! पण तीच रुग्ण कमी कापून वाचली असती का, हे एका माणसावरून कसे कळणार?

ते कळण्यासाठी शेकडो स्त्रियांची तुलना हवी, आणि कोणाला कोणती शस्त्रक्रिया हे डॉक्टरांच्या मर्जीने नव्हे, चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरायला हवे. इटलीत मिलान येथे उम्बर्तो वेरोनेसी यांनी १९७३ साली असा अभ्यास सुरू केला. लहान गाठी असलेल्या ७०१ स्त्रिया. निम्म्यांची हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया, निम्म्यांच्या स्तनाचा फक्त गाठीकडचा भाग काढून रेडिएशन. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनीही असेच अभ्यास केले. कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे आधीच दूर गेलेल्या असू शकतात, म्हणून नुसता काप वाढवून आयुष्य वाढत नाही, हे त्यांचे म्हणणे.

२००२ साली दोघांचेही वीस वर्षांचे निष्कर्ष छापून आले. जगण्याच्या प्रमाणात फरक नाही! मात्र रेडिएशन टाळून चालत नाही. फिशर यांच्या अभ्यासात फक्त गाठ काढलेल्या ३९ टक्के स्त्रियांत रोग त्याच स्तनात परतला, रेडिएशन घेतलेल्या १४ टक्क्यांत.

मिलानचा पहिला निष्कर्ष आला १९८१ साली. मावशीचे ऑपरेशन झाले तेव्हा अभ्यासाला जेमतेम वर्ष झाले होते. तिच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. उत्तर तेव्हा कोणाजवळच नव्हते.

आता इथे कोणालाच न सांगितलेली गोष्ट सांगते. २०१२ साली मलाही गाठ झाली. नागपूरला गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढला. निळा रंग टोचून काखेतल्या पहिल्या ग्रंथी शोधल्या, त्या निर्दोष निघाल्या म्हणून बाकीच्या ठेवल्या. मग पाच आठवडे रेडिएशन. त्या वर्षी गौरींचे तोरण मी माझ्या हाताने बांधले. मिलानच्या त्या ७०१ जणींची नावे मला माहीत नाहीत, पण माझा हात त्यांचा ऋणी आहे.

हा इतिहास आपल्याकडेही पुढे सरकतो आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातील ११ केंद्रांतल्या सुमारे १,६०० स्त्रियांचा अभ्यास २०२३ साली छापला. कापण्यापूर्वी काही मिनिटे गाठीभोवती साधे लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले, तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले.

आजही काहींचा पूर्ण स्तन काढावा लागतोच. गाठ जितकी मोठी, तितकी ती शक्यता जास्त. म्हणजे ज्या भीतीने वहिनी थांबल्या, तीच थांबण्याने खरी होत जाते. त्यांचे उपचार आता चालू आहेत. गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवा, आणि "किती काढणार, का?" हे डॉक्टरांना न संकोचता विचारा. बाप्पासमोर एका जुन्या शिक्षिकेचे एवढेच मागणे.